पावसात स्टुडिओ डेस्क फुगतं, कीबोर्ड ट्रे अडकतो, बेसला घरघर येते: रंधा काढायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं लिहितो, तुमच्याकडे यातलं काय होतंय ते बघा आणि मग पुढे वाचा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

कीबोर्ड ट्रे ओढला की एक बाजू पुढे येते, दुसरी मागे राहते आणि मध्येच अडतो. खालचा ड्रॉवर वरच्या कडेला घासतो, मे महिन्यात मात्र हाच ड्रॉवर सैल असतो. टॉपच्या मधोमध खळगा पडल्यासारखा दिसतो आणि पुढची-मागची कड उचललेली वाटते, काही ठिकाणी टॉप खाली येऊन कीबोर्डच्या नॉबला लागतो. स्पीकरवर पखवाजाचा धुमा किंवा बेसचा ठराविक सूर आला की डेस्कमधून घरघर येते, बाकी सुरांना काही नाही. रॅकमधल्या, म्हणजे आवाजाची मशीन स्क्रूने बसवायच्या चौकटीतल्या, मशीनची भोकं चौकटीच्या पट्टीच्या (रेलच्या) भोकांशी जुळत नाहीत. स्क्रूभोवती लाकूड काळं पडलंय. कडेचा सनमायका सुटून आतला भुसा फुगलाय.

मी सावंतवाडी-कुडाळपासून रत्नागिरीपर्यंत घरगुती स्टुडिओची डेस्कं बनवतो आणि दुरुस्तही करतो, आणि दरवर्षी आषाढ सरत आला की याच तक्रारीचे फोन सुरू होतात, कारण गणपतीच्या आधी आरत्या, भजनं, डबलबारीची गाणी रेकॉर्ड करायची घाई असते आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडची हवा सगळ्यात ओली असते. लोक गावातल्या सुताराला बोलावतात, तो ट्रेच्या दोन्ही टोकांना रंधा मारतो, ट्रे त्या दिवशी सरकतो, आणि दिवाळीनंतर तोच ट्रे चॅनेलवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सरकत्या धातूच्या पट्ट्यांवर, खुळखुळायला लागतो. ते थांबावं म्हणून हे एवढं लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकी सगळं आपोआप कळतं. लाकूड फुगतं ते रुंदीत, म्हणजे रेषा ज्या दिशेला धावतात त्याच्या आडव्या दिशेला, लांबीत जवळपास फुगतच नाही. हवेतली आर्द्रता बरेच दिवस 65 टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातली ओल 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, आणि आर्द्रता 90 ला जाऊन तिथेच राहिली तर ती 20 कडे सरकते. पॉलिश असेल तर एवढा फरक पडत नाही, पण 4 टक्के फरक सहज पडतो. तेवढ्यात दोन फूट रुंदीचा सागाचा टॉप 4 मिलिमीटरच्या वर रुंद होतो, आणि त्याच टॉपची पाच फुटांची लांबी अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. साग तरी शहाणा, बाकीची बरीच लाकडं याहून जास्त हलतात.

आता ट्रे बघा. ट्रेच्या फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे धावतात, म्हणजे ट्रे पुढे-मागे फुगेल पण डावी-उजवीकडे, दोन्ही बाजूंच्या चॅनेलकडे, फुगणारच नाही. मग अडकतो कशाने? डेस्कचा सांगाडा पिळला म्हणून, नाहीतर साईडची पाटी जाड झाली म्हणून, नाहीतर चॅनेल गंजलं म्हणून. यातल्या कशालाच ट्रेची टोकं तासून उपाय होत नाही. ड्रॉवरचं उलट आहे. ड्रॉवरच्या दर्शनी फळीच्या रेषा आडव्या असतात म्हणून ती उंचीत फुगते, सहा इंच उंचीच्या फळीला एखादा मिलिमीटर, आणि ती वर घासते. हे खरं फुगणं. म्हणून ट्रे आणि ड्रॉवरला एकच औषध लावू नका.

फुकटातली तपासणी: पाय आणि कर्ण

डेस्कच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने हात दाबा. एक कोपरा जरी खाली बसला तरी एक पाय हवेत आहे, आणि मॉनिटर-स्पीकर-रॅकच्या वजनाने सांगाडा त्या पायाकडे पिळलाय. जुन्या घरातला कोबा किंवा शहाबादी फरशी कधीच एका पातळीत नसते, त्यात कुणी झाडताना डेस्क चार बोटं सरकवलं की पाय दुसऱ्याच जागी जातो. मग टेपने ट्रेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि मग उलट. दोन्ही सारखे यायला पाहिजेत. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तुमचा आजार बहुतेक इथेच सापडला. हवेतल्या पायाखाली प्लास्टिकची चकती नाहीतर सनमायकाचा तुकडा सारा, कर्ण परत मोजा, ट्रे ओढून बघा. पुठ्ठा घालू नका, पावसात तो ओल पिऊन दबतो आणि आठ दिवसांत परत तेच होतं. बऱ्याच घरांत काम इथेच संपतं, एक रुपया खर्च न होता.

रॅकच्या भोकांची तक्रारही इथेच तपासा. रॅकच्या मशीनची पट्टी 19 इंच म्हणजे 482.6 मिलिमीटर असते आणि डाव्या-उजव्या भोकांमधलं अंतर 465 मिलिमीटर, एका युनिटची उंची 44.45. हे माप जगभर ठरलेलं आहे, मशीन फुगत नाही. म्हणजे भोकं जुळत नसतील तर चौकट हलली आहे. स्क्रू जबरदस्तीने पिळून बसवू नका, रेलचे आटे जातात आणि मग ते बदलायला सगळा रॅक रिकामा करावा लागतो.

घरघर कुठून येते ते शोधणं

हे पण फुकटच आहे, फक्त शांतता पाहिजे. मोबाईलवर किंवा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टोन जनरेटर, म्हणजे एकच सूर सतत वाजवणारं ॲप, घ्या आणि आवाज मध्यम ठेवून 40 हर्ट्झपासून 300 हर्ट्झपर्यंत हळूहळू वर न्या. स्पीकरला धक्का बसेल इतका मोठा आवाज ठेवायची गरज नाही. जिथे घरघर सुरू होईल तिथे थांबा, तो सूर चालू ठेवा आणि दुसऱ्या माणसाला डेस्कचा एकेक भाग हाताने दाबायला सांगा: मागची पातळ प्लायची पाटी, ट्रे, ड्रॉवर, रॅकची रिकामी झाकणं, लटकणाऱ्या वायरी, मॉनिटरचा स्टँड. ज्याच्यावर हात ठेवल्यावर आवाज बंद होतो तो गुन्हेगार. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा मागची 6 मिलिमीटरची पाटी सापडते, चार खिळ्यांवर मारलेली आणि मध्ये मोकळी, आणि त्यानंतर रिकामा असतानाचा कीबोर्ड ट्रे. पाटीच्या मधोमध एक आडवी रीप मारा आणि पाटी जिथे टेकते तिथे फेल्टची पट्टी लावा. स्पीकर डेस्कवरच असतील तर त्यांच्याखाली दाट फोमचे किंवा रबराचे पॅड घाला, जमलं तर वेगळ्या स्टँडवरच न्या, अर्धी भानगड तिथेच मिटते. हे एवढं का सांगतोय, तर अशा डेस्कवर बसून मिक्स केलं की बेस तुम्हाला वाढल्यासारखा ऐकू येतो, तुम्ही तो कमी करता आणि देवळाच्या मोठ्या स्पीकरवर तेच गाणं पोकळ वाजतं.

एक फरक नीट ओळखा. सूर बंद केला तरी एकसारखा घुंऽऽ राहत असेल तर तो लाकडाचा दोष नाही, तो विजेचा हम आहे, आपल्याकडे 50 किंवा 100 हर्ट्झवर येतो. त्याच्याबद्दल शेवटी लिहिलंय. सुताराला त्यात काही करता येत नाही.

स्क्रू आणि चॅनेल, शंभर-दोनशे रुपयांचं काम

मालवण, वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी, कुठेही समुद्र जवळ असेल तर खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू टिकत नाहीत. ट्रे पूर्ण बाहेर काढा, बॅटरी मारून चॅनेलचे स्क्रू बघा. एखादा जरी डोकं वर काढून बसला असेल तरी सरकणारा भाग त्याच्यावर आपटतो आणि आपल्याला वाटतं ट्रे फुगला. लाकूड काळं पडलेलं दिसलं तर तो लोखंडाचा आणि लाकडातल्या टॅनिनचा डाग आहे, आईनाला आणि सागाला पण पडतो, बुरशी समजून घासत बसू नका. एकेक स्क्रू काढून त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा घाला, सगळे एकदम काढू नका, नाहीतर चॅनेलची जागा हलते.

चॅनेलमध्ये खोबरेल तेल घालायची आपल्याकडे फार सवय आहे. घालू नका. पहिले दोन दिवस मस्त चालतं, मग त्यात धूळ बसून चिकट राप तयार होतो. सुक्या ब्रशने साफ करा, फडक्याने पुसा आणि सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा द्या, तो पण ट्रे काढून बाहेर, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचं मशीन) आणि माइकच्या जवळ नाही. जुन्या पद्धतीच्या लाकडी पट्टीवर सरकणारा ड्रॉवर असेल तर मेणबत्ती घासा, आजही याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही.

टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण 12.7 मिलिमीटर जागा लागते. स्टीलचा फूट घेऊन पुढे, मध्ये आणि मागे, तिन्ही ठिकाणी ती मोजा. पुढे 13 आणि मागे 11 आली तर साईड आत झुकली आहे आणि ट्रे मागे जाताना आवळला जाणार. हे आकडे ट्रेच्या खाली पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवा, पावसातले एकदा आणि मे महिन्यातले एकदा. दोन ऋतूंचे आकडे हातात असले की कुठलाही चांगला सुतार पाच मिनिटांत दोष सांगेल, नाहीतर तो पण अंदाजच करणार.

भिंत आणि हवा

जांभ्याची भिंत ओल धरते, सगळ्यांना माहितीये, तरी डेस्क भिंतीला चिकटवूनच ठेवतात कारण खोली लहान असते. डेस्क निदान वीतभर पुढे ओढा. मागची हवा खेळली पाहिजे, नाहीतर मागची बाजू ओली, पुढची सुकी, आणि एकाच फळीच्या दोन बाजू वेगळ्या फुगल्या की ती वाकणारच. हवेतली आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो, आणि तो डेस्कच्या मागे ठेवा, खोलीच्या मध्ये नाही. मागे 80 च्या वर आणि मध्ये 65 असं दिसलं तर सुताराला बोलावू नका, डीह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या मशीनचा, विचार करा. 55 ते 60 च्या मध्ये हवा राहिली तर लाकूडही शांत राहतं आणि माइकही. एसी दिवसातून दोन तास लावून बंद करण्यात मला फार अर्थ दिसत नाही, लाकडाला तो झोका मानवत नाही.

ओल घालवायला डेस्कखाली शंभरचा बल्ब किंवा हॅलोजन हिटर लावणारे भेटतात. कृपा करून लावू नका. खालची बाजू झटकन सुकते, वरची ओलीच राहते, आणि टॉपला जी चीर पडते ती परत जुळत नाही. आग लागायची भीती वेगळीच.

टॉप कसा बसवलाय ते बघा

इथून पुढे हत्यारं लागतील आणि थोडी हिंमत. टॉपवर पुढून मागे अशी अॅल्युमिनियमची सरळ पट्टी ठेवा. मधोमध फट दिसली तर टॉपच्या खालच्या अंगाने जास्त ओल घेतली आहे, आणि खाली वाकून बघितलंत तर दहात आठ वेळा खालच्या बाजूला पॉलिशच नसतं. वरून आरशासारखं आणि खाली कोरं लाकूड. पैसे वाचवायला असं करतात आणि पहिल्या पावसातच ते कळतं.

दुसरं, टॉप खालून कसा धरलाय ते बघा. आपल्याकडे सर्रास टॉप सागाचा आणि साईडच्या पाट्या प्लायच्या असतात. प्लाय फुगत नाही म्हटलं तरी चालेल, सागाला मात्र 4 मिलिमीटर जागा पाहिजे, आणि दोन्ही जर धातूच्या कोनपट्टीला घट्ट स्क्रूने आवळलेले असतील तर सागाला वाकण्याशिवाय पर्याय नाही. तो वाकताना साईडलाही ओढतो आणि मग आपला ट्रे अडकतो. म्हणजे मघाशी जो कर्णांचा फरक आला, त्यामागे पायांनंतर सगळ्यात मोठं कारण हे.

उपाय अवघड नाही. पुढच्या कडेचे स्क्रू घट्ट राहू द्या म्हणजे दर्शनी कड जागच्या जागी राहील. मधल्या आणि मागच्या स्क्रूंसाठी कोनपट्टीतलं गोल भोक कानसीने पुढे-मागे लांबट करा, 5 मिलिमीटरच्या स्क्रूला 10-12 मिलिमीटर लांबीचं, आणि वॉशर घालून स्क्रू एवढाच आवळा की टॉप डुगडुगणार नाही पण सरकू शकेल. हे काम पावसात करत असाल तर स्क्रू लांबट भोकाच्या मागच्या टोकाला ठेवा, कारण टॉप आत्ता सगळ्यात रुंद आहे, हिवाळ्यात तो पुढे आकसणार. मे महिन्यात करत असाल तर पुढच्या टोकाला. नुसते मागचे स्क्रू सैल केले तरी कित्येकदा दोन-तीन दिवसांत ट्रे आपोआप मोकळा होतो, म्हणून गणपतीच्या तोंडावर घाई असेल तर एवढंच करा. त्याआधी वरचं सामान उतरवा, स्पीकर डोक्यावर ठेवून खाली आडवं पडू नका.

खालच्या बाजूचं पॉलिश मात्र पावसात करू नका. ओल्या हवेत मेलामाइनचं पॉलिश पांढरं पडतं आणि लाकडातली ओल आतच कोंडते. डिसेंबर-जानेवारीत टॉप उतरवा, वर जेवढे हात दिलेत तेवढेच खाली द्या, कडांना आणि भोकांच्या आतसुद्धा.

ड्रॉवर तासायचा का?

दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीनंतरही घासत असेल तर खुशाल तासा, कारण मग तो मुळातच मोठा कापलेला आहे. फक्त तासलेली कड त्याच दिवशी पॉलिशने बंद करा, कोरी कड पुढच्या पावसात आधीपेक्षा जोरात ओल पिते.

भुशाची पाटी

साईड पार्टिकल बोर्डच्या असतील आणि खालची कड फुगली असेल तर त्यावर उपाय नाही हे स्पष्ट सांगतो. पार्टिकल बोर्ड जाडीत फुगलं की सुकल्यावरही पूर्ववत होत नाही, आणि त्यात चॅनेलचे स्क्रू धरत नाहीत. स्क्रूच्या भोकात फेविकॉल आणि काडीपेटीच्या काड्या घालून एक सीझन निघेल, पण त्यावर 88 पट्ट्यांचा जड कीबोर्ड ठेवू नका. ती पाटी बदलायचीच. बदलताना आयएस 710 शिक्का असलेली मरीन प्लाय घ्या, आयएस 303 ची एमआर (नुसती दमट हवा सोसणारी) प्लाय आपल्या किनाऱ्यावर खालच्या भागासाठी मला पटत नाही, आणि कडांना भरीव लाकडाची पट्टी लावा, डेस्कचे पाय फरशीपासून निदान अर्धा इंच वर राहतील असे बूट घाला. पूर्ण नवीन डेस्क करायचं ठरवलंत आणि घरचा फणस किंवा साग कापलेला पडला असेल तर तो सुकलाय का ते आधी बघा, उघड्या हवेत थप्पी लावून सुकवायला इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरतात. त्याआधी घाई केली तर वर लिहिलेलं सगळं तुमच्या नव्या डेस्कला दुप्पट होईल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रॅकच्या किंवा इंटरफेसच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल, तर डेस्कची दुरुस्ती बाजूला ठेवा, मेन बंद करा आणि लायसनवाला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हम जातो म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे आहेत, तो जिवाशी खेळ आहे, तसं कुणी केलं असेल तर आजच बदलून घ्या.

भिंतीवरून डेस्कच्या मागे मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवी आहे. नळी मोडून वर रॉकेल शिंपडून काही होत नाही, ती भिंतीत आणि जमिनीखाली असते, आणि चालू मशीनजवळ रॉकेल नकोच. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि तो येईपर्यंत डेस्क हलवू नका, म्हणजे ती कुठून येते ते त्याला दिसेल. पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर ती लाकडातली कीड, तीसुद्धा त्यालाच दाखवा.

भिंतीवर एकाच जागी ओल वाढत असेल तर वर पाइप किंवा कौलं गळतायत, तिथे गवंडी लागेल. आणि टॉपला आरपार चीर गेली असेल, किंवा पायाचा सांधा उघडून त्यात नाणं जाईल एवढी फट पडली असेल, तर वरचं सगळं सामान त्याच दिवशी उतरवा. तो सांधा क्लॅम्प लावून परत चिकटवायला सुतारच पाहिजे, बाहेरून पट्टी ठोकून तो सांभाळता येत नाही. सुतार आला की ट्रेखाली लिहिलेले आकडे आणि दोन्ही कर्ण त्याला दाखवा, आणि तो न मोजता थेट रंधा काढायला लागला तर त्याला तिथेच थांबवा.